एक जून

इस्त्रीवालीनं कपड्यांचं गाठोडं बाईंच्या हातात दिलं, पण सोडलं नाही. एका बाजूनं तिची पकड, दुसऱ्या बाजूनं बाईंची, मधे नुकत्याच इस्त्री झालेल्या कपड्यांची ऊब. सकाळचे सव्वासात, बस यायला जेमतेम चार मिनिटं, आणि ही हात सोडायला तयार नाही. "बाई," ती म्हणाली, "माझ्या पोराचा वाढदिवस तुम्हीच ठरवला होतात ना?" आवाज चढलेला नव्हता. बाईंना आधी वाटलं, कपड्यांचंच काहीतरी सांगतेय, डाग गेला नाही वगैरे. मग तिनं एक हात मोकळा करून टेबलावरच्या जुन्या चादरीच्या घडीतून कागद काढला. कागदावरही इस्त्री फिरवलेली होती. एक सुरकुती नाही. सक्तीची सैन्यभरती: एक जून रोजी अठरा वर्षे पूर्ण केलेल्या, सध्या शिक्षण घेत नसलेल्या उमेदवारांची दुसरी यादी, त्यात तिच्या मुलाचं नाव, गुरुवारी सकाळी अकराला कागदपत्रांच्या पडताळणीसाठी हजर राहावे, आणि खाली शिक्का. "साडेसोळाचा आहे तो," इस्त्रीवाली म्हणाली. "तुम्हाला माहितीये." बाई म्हणाल्या, "नियमात होतं ते लिहिलं मी. तू मला रस्त्यात अडवून काय विचारतेस?" आणि त्यांनी गाठोडं जवळजवळ हिसकावूनच घेतलं. घेतल्यावर लक्षात आलं की ते घरी न्यायचं तर बस चुकणार, आणि परत तिच्याच टेबलावर ठेवायचं तर नाक कापल्यासारखं होणार. म्हणून मुलाचे चार शर्ट, नवऱ्याच्या दोन पँटी आणि स्वतःची चादर काखोटीला मारून बाई शाळेकडे जाणाऱ्या बसमध्ये चढल्या.

बसायला जागा मिळाली, पण अंगाचा नुसता भडका उडाला होता. काय बाई हिंमत. दहा वर्षं हिचा पोरगा शाळेत फुकट शिकला, पुस्तकं फुकट, दुपारचं खाणं फुकट, आणि आता हिशेब मागायला ही पुढे. बाईंनी मनातल्या मनात तिला चांगलं फैलावर घेतलं, एकदा नाही तीनदा, आणि दर वेळी इस्त्रीवालीनं तेच एक वाक्य त्याच सपाट आवाजात परत म्हटलं. वाढदिवस तुम्हीच ठरवला होतात ना. खिडकीबाहेर प्रत्येक चौकात तोच फलक होता, शिरस्त्राण घातलेला गोरागोमटा तरुण, हसरा, दात एकसारखे. असा एक पोरगा ह्या रस्त्यानं कधी भरतीला गेलेला बाईंनी पाहिला नव्हता. जायचे ते काळवंडलेले, खांदे पाडलेले, त्यांच्याच शाळेतून बाहेर पडलेले. दाराजवळची पहिली सीट आजही रिकामीच होती. तिथे काजंवाली बसायची. गणवेशांच्या कारखान्यात ती सदऱ्यांना काजं करायची, दिवसाला तीनशे काजं, आणि तिचाही मुलगा बाईंच्याच वर्गात शिकून गेलेला. उन्हाळ्यात एकदा ती शेजारणीला सांगत होती की यंदा लहान मापं फार येतायत, छाती बत्तीस, छाती तीस, आम्हाला वाटलं शाळेचंच काम आलं की काय. शेजारीण हसली होती. बाई पुस्तकात डोकं घालून बसल्या होत्या. तिचा मुलगा पहिल्या यादीत गेला हे त्यांना ठाऊक होतं. गेला महिना-दीड महिना काजंवाली बसला दिसली नाही, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते बरंच वाटत होतं. चौकशी करावी लागत नव्हती.

शाळेची पुढची इमारत मेपासूनच भरतीवाल्यांनी घेतलेली. सहा वर्ग गेले, त्यांत आता लोखंडी खाटा आणि घोंगड्यांचे ढीग. तिसरी आणि चौथी एकाच दालनात पाठीला पाठ लावून बसायची. एका भिंतीवर गुणाकार, दुसऱ्या भिंतीवर नद्या, आणि मधल्या रांगेतल्या पोरांना दोन्हींतलं थोडं थोडं. बाई शिकवताना ओरडायच्या, पलीकडचे सर त्याहून मोठ्यानं ओरडायचे, शेवटी दोघंही घसा बसून गप्प होत आणि मुलं सुखानं बोलत बसत. दहावीनंतर जवळचं एक सरकारी कॉलेज होतं, ते जखमींसाठी तात्पुरतं ताब्यात घेतलं होतं. तात्पुरतं म्हणजे दोन वर्षं झाली. शिकायला जागा नाही म्हणून पोरं शिकत नव्हती, आणि शिकत नाहीत म्हणून त्यांना जागा होती, तिकडे. जे शिकत होते त्यांना शिक्षण संपेपर्यंत सूट. बाईंचा स्वतःचा मुलगा वीस वर्षांचा, खाजगी कॉलेजात, त्याचं शिक्षण अजून चार वर्षं तरी संपणार नव्हतं आणि गरज पडली तर त्याहूनही लांबवता आलं असतं. त्याच्या जन्माचा दाखला इस्पितळाचा होता, वेळेसकट. पहाटे चार वाजून दहा मिनिटं. ही सगळी माहिती बाईंना नवीन नव्हती. पण आज फळ्याकडे पाठ करून उभ्या असताना ती सगळी एकदम आठवली, आणि खडू हातात तसाच राहिला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पुढची नदी?" बाई तिच्यावर खेकसल्या, कारण नद्या शिकवायचं काम त्यांचं नव्हतंच. त्यांचा गुणाकार होता.

ही पोरं पहिलीत आली त्या काळी वय ठरवायची एक साधी पद्धत होती. दाखला नसेल तर मुलाला सरळ उभं करायचं आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचं. बोटं कानाला लागली तर पोर सहा वर्षांचं झालं, नाव घाला. नाही लागली तर पुढच्या वर्षी ये. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून लिहायचं. पोराच्या आईबापांना तारीख विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे. ह्या लोकांना कुठल्या तारखा माहीत असणार, असं आधीचे हेडसर म्हणायचे, आणि त्यांच्यासमोर मान डोलावता डोलावता बाईसुद्धा तेच म्हणायला लागल्या. सगळ्यांचा वाढदिवस एक जून. शिक्षकांच्या खोलीत त्यावर विनोद चालायचे, की ह्या वस्तीत वर्षातून एकच दिवस बायका बाळंत होतात. बाईसुद्धा हसायच्या. पाच वर्षांपूर्वी त्यांना आदर्श शिक्षिका म्हणून पदक मिळालं तेव्हा भाषणात त्यांनी ही कानाची गोष्ट सांगितली होती. दारोदार हिंडून मी पोरं गोळा केली, त्या म्हणाल्या होत्या. एकाचा तर हात कानाला पुरत नव्हता, मी म्हटलं, राहू दे, शाळेत येऊ दे, शिकू दे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं पदक काचेच्या कपाटात ठेवलं. तो हात न पुरणारा पोरगा म्हणजे इस्त्रीवालीचाच. वर्गात इतका लहान दिसायचा की बाईंनी त्याचं नाव टिंब ठेवलं होतं. बाकावर बसला की पाय जमिनीला लागत नसत, आणि सगळा वेळ ते पाय हलत असायचे.

मधल्या सुट्टीत बाई हेडसरांच्या खोलीत गेल्या आणि जुनं जनरल रजिस्टर मागितलं. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात असते, कितीही वर्षं झाली तरी. हेडसर चहा पीत होते. चाळिशीतला माणूस, बाईंपेक्षा लहान, पण खुर्चीत बसल्यापासून केस मुद्दाम पांढरे ठेवलेले. "कशाला?" त्यांनी विचारलं. "बघायचंय." "इस्त्रीवाली भेटली वाटतं," हेडसर म्हणाले. "माझ्याकडे काल येऊन गेली. मी सांगितलं, बाई, तुझ्या पोराचं वय शाळा ठरवत नाही, रजिस्टर ठरवतं." स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्यांनी बशी पुसली. "हे बघा बाई, जनरल रजिस्टर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यातली एक तारीख खोटी म्हटली की उद्या तेवीस जणं दारात उभी." "तेवीस?" "त्या वर्षीचे एक जूनवाले मुलगे. पहिली यादी आली तेव्हाच मोजून ठेवलेत. मी काय झोपा काढतो का इथे? त्यातले चार पहिल्या यादीत गेले. एक तर..." इथे त्यांनी पुढचं गिळलं आणि कपाटाची किल्ली शोधायला लागले. एक तर काय, असं बाईंनी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. किल्ली हातात पडल्यावर हेडसर एवढंच म्हणाले, "तुमची दोन वर्षं राहिलीयत. गुपचूप काढा. आणि गुरुवारी तुम्हाला बोलावणं येईल, अक्षर ओळखायला. अक्षर माझं, तारीख बरोबर, एवढं म्हणायचं आणि दुपारच्या शाळेला यायचं."

रजिस्टरला ओल लागल्याचा वास येत होता. पान लगेच सापडलं. स्वतःचं अक्षर माणसाला लांबूनही ओळखू येतं. निळी शाई, उभे रकाने, आणि जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तीच तारीख, जणू बाईंनी शुद्धलेखनाची शिक्षा म्हणून लिहून काढलेली. एक ते अडतीस एका दमात. आणि मग एकोणचाळीस आणि चाळीस, ह्या दोन ओळींची शाई काळी. काळ्या शाईकडे बघता बघता बाईंना ते पेन आठवलं. ते तपासणीला आलेल्या साहेबांचं होतं. वर्गात चाळीस मुलं नसतील तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली की बाई अतिरिक्त; अतिरिक्त म्हणजे बदली, आठ तासांवरच्या सरहद्दीच्या गावात. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, नवरा म्हणत होता मी एकट्यानं हे सांभाळणार नाही. साहेब दुपारी येणार होते आणि अडतीसच मुलं होती. बाई मागच्या गल्लीत गेल्या आणि दारात खेळणारी पहिली दोन पोरं उचलली. एक इस्त्रीवालीचं, एक काजंवालीचं. दोघींना आनंदच झाला, पोर शाळेत गेलं की हातपाय मोकळे. साहेबांसमोर दोघांना उभं केलं. दुसऱ्याचा हात जेमतेम टाळूपर्यंत गेला. पहिल्याचा तर तेवढाही नाही. साहेब पेन उघडून वाट बघत होते. मग बाईंनी त्याच्या मानेवर तळहात ठेवला, उबदार, घामट, मनगटाएवढी मान, आणि ती हलकेच उजवीकडे दाबली. कान वर आला. बोटं लागली. दुसऱ्याचीही तशीच लावली. साहेब सगळं बघत होते आणि काही बघत नव्हते. त्यांनी पेन बाईंकडे दिलं आणि म्हणाले, घ्या, पूर्ण करा. पाच वर्षांपूर्वी टाळ्या घेताना बाई खोटं बोलत नव्हत्या, हे त्यांना शपथेवर सांगता आलं असतं. तोपर्यंत तुकडीची गोष्ट त्या खरोखरच विसरल्या होत्या. विसरल्या कशा, ह्याचंच त्यांना आता नवल वाटलं, आणि नवलाच्या मागोमाग स्वतःची अशी शिसारी आली की त्यांनी रजिस्टर मिटून हात रुमालाला पुसले.

दुसरा पोरगा म्हणजे खडू. खडूचे तुकडे खायचा म्हणून ते नाव. ओठांना कायम पांढरं लागलेलं. मार खाल्ला तरी खायचा, आणि विचारलं तर तोंड घट्ट मिटून मान हलवायचा, मी नाही. चौथीत असताना एकदा बाईंनी त्याला वर्गासमोर तोंड उघडायला लावलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. बाईसुद्धा. खाण्यात काहीतरी कमी पडतं तेव्हा मुलं खडू खातात, असं त्यांनी नंतर एका शिबिरात ऐकलं आणि वहीत टिपूनही घेतलं. वही कुठे असेल देव जाणे.

संध्याकाळी गाठोडं घेऊन घरी गेल्या तेव्हा मुलगा म्हणाला, "अगं आई, शर्ट शाळेत नेलेस की काय?" आणि त्यातलाच एक काढून घातला. बाईंनी जेवताना सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही; साहेबांचं पेन आणि मान वगळून. नवऱ्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "तू ह्यात पडू नकोस. सरकारी कागदात खोटं लिहिलं असं तूच लिहून देणार? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मुलगा फोनवरून मान वर न करता म्हणाला, "आणि त्यानं काय होणार? आकडा ठरलेला असतो. तो नाही गेला तर दुसरं कोणीतरी जाणारच ना." बाई त्याच्या कॉलरकडे बघत होत्या. इस्त्रीची घडी इतकी धारदार होती की कागद कापला असता. "मग तू जा," त्या म्हणाल्या. बोलून गेल्या आणि स्वतःच दचकल्या. मग मुलगा हसला, अगदी सहज, काहीतरी बालिश ऐकल्यासारखा. "मी शिकतोय, आई." त्या क्षणी बाईंना तो आवडला नाही. आपल्याच पोटचा, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी झालेला, तीस तास कळा देऊन. आणि समोर बसलेला हा इस्त्रीचा शर्ट त्यांना मुळीच आवडला नाही. त्या उठून भांडी घासायला गेल्या आणि नळ मोठा सोडला.

गुरुवारी भरती कार्यालयाच्या बाकावर इस्त्रीवाली आधीच बसलेली होती. शेजारी टिंब. आता तो आईपेक्षा हातभर उंच, पाय जमिनीला चांगलेच टेकलेले, पण हलतच होते. मिशीची नुसती सावली. बाईंना बघून तो उठून उभा राहिला, वर्गात उठायचा तसा, आणि आईनं त्याला हाताला धरून खाली बसवला. भरतीच्या साहेबांसमोर बाईंना खुर्ची दिली, त्या दोघांना नाही. साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले, रजिस्टरचं पान खुणेची पट्टी घालून तयार. "अक्षर तुमचं?" "माझं." "तारीख बरोबर?" दोन वर्षं, हेडसर, नवरा, काचेच्या कपाटातलं पदक, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं आणि त्यातल्या एकानंही त्यांना मदत केली नाही. "नाही," त्या म्हणाल्या. साहेबांनी चष्मा खाली घेतला. "म्हणजे?" "मी ठोकून दिली. तो तेव्हा साडेचार वर्षांचा होता. कानाला हात पुरत नव्हता त्याचा." साहेब टिंबाकडे वळले. "ए, इकडे ये. लाव बघू कानाला हात." टिंबानं हात डोक्यावरून नेला. बोटं अर्थातच कानाच्या खाली मानेपर्यंत पोचली. "लागला की," साहेब म्हणाले, आणि मागच्या टेबलावरचे दोन कारकून हसले. टिंब हात काढायचं विसरून तसाच उभा राहिला. "तेव्हा लागला नव्हता," बाई म्हणाल्या. "मी त्याची मान वाकवली." "कशासाठी? दया आली?" तयार उत्तर होतं, टाळ्या मिळालेलं. बाईंनी ते गिळलं. "तुकडी तुटली असती. माझी बदली झाली असती. माझ्या नोकरीसाठी वाकवली." कारकुनांचं हसणं थांबलं. इस्त्रीवाली बाईंकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत उपकाराचा लवलेश नव्हता.

"लिहून द्या," साहेब म्हणाले. "तुमच्या हातानं, सविस्तर. आणि हा खोट्या नोंदीचा गुन्हा झाला, एवढं लक्षात ठेवा. आणखी कुणाचं असेल तर वेगळा अर्ज, वेगळा गुन्हा. घाऊक माफी नाही इथे." बाईंनी लिहिलं. अर्जात खरं वय असा रकाना होता. "काय लिहू?" त्यांनी विचारलं, सवयीनं, साहेबांनाच. "अंदाजे घाला. नंतर डॉक्टर हाडं तपासून ठरवतील." इस्त्रीवालीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "तुम्हाला विचारलेलं नाही," साहेब म्हणाले, तिचं तोंड मिटलं, आणि बाईंनी लिहिलं, अंदाजे साडेसोळा. बाहेर पडताना इस्त्रीवाली जिन्यावर थांबली. बाईंना वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "तुमची चादर राहिलीय माझ्याकडे. दुसरी. कोणाकडून तरी पाठवते." आणि पोराला पुढे घालून निघून गेली. सोमवारी बाईंच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं. बुधवारी टिंबाच्या हाडांचा अहवाल आला, वय सतराच्या आत, नाव यादीतून तूर्त कमी. तूर्त.

त्या आठवड्यात नवरा बाईंशी बोलला नाही. मुलगा बोलला, पण ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. आईला बरं नाही अशा आवाजात बोलायचा. आणि मग शनिवारी सकाळी दाराची घंटा वाजली ती थांबेचना. जिन्यावर बायका होत्या. खालच्या मजल्यापर्यंत. काहींच्या हातात शाळा सोडल्याचे दाखले, काहींच्या हातात नुसत्या पिशव्या. नवऱ्यानं दार लावून घेतलं. बाईंनी ते उघडलं, जेवणाचं टेबल ओढत जिन्याच्या तोंडाशी नेलं, खुर्ची ठेवली, कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. कुणी नमस्कार केला नाही. एकीनं आल्या आल्या विचारलं, माझ्याही पोराची मान वाकवलीत का हो? बाई म्हणाल्या, नाही, त्याचा हात लागला होता, पण तारीख ठोकलेलीच आहे, बस. बारा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ह्याच बायका अशाच रांगेत उभ्या होत्या. तेव्हा त्या बाईंशी अदबीनं, खालच्या मानेनं बोलल्या होत्या. आज त्या सरळ डोळ्यांत बघत होत्या आणि बाईंना ते सोसत नव्हतं. दर अर्जाच्या खाली त्या तेच वाक्य लिहीत होत्या, ही खोटी नोंद मी स्वतःच्या हाताने केली आहे. चौथ्या अर्जाला हात दुखायला लागला. सातव्यानंतर काही वाटेनासं झालं, नुसती शाई.

मग समोर काजंवाली येऊन बसली. वाळली होती. दोन्ही हात टेबलावर ठेवले, सुईनं खरबडलेली बोटं एकमेकांत अडकवून. जिन्यावरची कुजबूज थांबली, एकदम, आणि त्या थांबण्यातच बाईंना हेडसरांचं गिळलेलं वाक्य पुरतं ऐकू आलं. तरी त्यांनी कागद पुढे ओढला, कारण दुसरं काय करायचं हे सुचलं नाही. "खडूचं..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. काजंवाली म्हणाली, "लिहा." "आता कशाला?" हे शब्द बाईंच्या तोंडून गेले कसे कुणास ठाऊक. काजंवाली चिडली नाही. "त्यांनी कागद पाठवलाय. वीर जवान, वय अठरा. अठराचा नव्हता तो. सोळाचा होता. एवढं लिहा." बाई म्हणाल्या, "अहो, ते हाडांची तपासणी मागतील." कुणाला तरी समजावताना बोलावं तसंच त्या बोलल्या, आणि बोलून झाल्यावर काय बोललो ते त्यांना कळलं. "हाडं त्यांच्याकडेच आहेत," काजंवाली म्हणाली. "इकडे काही आलं नाही. तपासू देत की." खालच्या मजल्यावर कुणीतरी हुंदका दाबला. काजंवालीनं तिकडे पाहिलंही नाही. "मी त्या दिवशी शाळेच्या दारात उभी होते," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्या मानेवर हात ठेवलात ते बघितलं मी. मला वाटलं, बाई चांगल्या आहेत. माझ्या पोराचं नाव घालतायत."

बाईंना रडू आलं नाही. यायला हवं होतं, आणि आलं असतं तर समोरच्या बाईनं ते पुसायलाही बोट हलवलं नसतं, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी पेन उचललं. नाव लिहिलं, खरं नाव, आणि ते लिहिताना जाणवलं की इतक्या वर्षांत त्यांनी त्याला ह्या नावानं एकदाही हाक मारली नव्हती. खोटी नोंद मी स्वतःच्या हाताने केली, ते लिहिलं. मान मी वाकवली, तेही लिहिलं, कुणी मागितलं नव्हतं तरी. मग खरं वय हा रकाना आला, आणि हात आपोआप 'अंदाजे'च्या अ कडे वळला.

"अंदाजे लिहू नका परत," काजंवाली म्हणाली.

बाईंनी वर पाहिलं.

"सतरा फेब्रुवारी. मंगळवार होता. दुपारची कारखान्याची शिट्टी झाली आणि हा झाला." तिनं अडकवलेली बोटं सोडवली आणि एक बोट कागदावर, नेमकं रकान्यावर, ठेवलं. "गेला तेव्हा सोळा वर्षं, सहा महिने, अकरा दिवस. मला तारीख माहीत आहे, बाई. तेव्हाही होती. तुम्ही विचारली नव्हती."

मागे उभ्या असलेल्या बायकांपैकी एकीनं मग आपल्या मुलाची तारीख सांगितली, कुणी न विचारता. मग दुसरीनं. मग जिन्याच्या खालच्या पायरीवरून इस्त्रीवालीनं. ती काखेत चादर घेऊन आली होती, आणि तिनंही वार सांगितला.

बाई लिहायला लागल्या.